दृक्प्रत्यय आणि डिझेल

१

गणिताने काढलेली ग्रहाची जागा आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी त्याची जागा यांचा मेळ बसणे, याला आपल्या ज्योतिषग्रंथांत दृक्प्रत्यय म्हणतात. गणित कितीही देखणे असले तरी ग्रहण सांगितलेल्या वेळी लागले नाही, तर त्या गणिताला दृक्प्रत्यय नाही, असा या शब्दाचा रोखठोक अर्थ आहे. हा शब्द आम्हांला गेल्या मे महिन्यात मुरुड तालुक्यातील नांदगावच्या एका वाडीत, सकाळी साडेसहाच्या सुमारास, डिझेलच्या संदर्भात आठवला. तो का आठवला, हे सांगताना या किनाऱ्याच्या पाचशे वर्षांच्या इतिहासातील काही पाने उलटावी लागतील.

एकोणिसाव्या शतकातील मराठी शास्त्रीय गद्य हा आमच्या अध्यापनाचा एक भाग आहे. त्या निमित्ताने केरूनाना छत्रे यांचे नागाव आणि गणेश दैवज्ञ यांचे नांदगाव ही दोन गावे पाहावीत, असे फार दिवस मनात होते. दोन्ही गावे अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावर आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून कोकणात फिरत्या घरांचे, म्हणजे मोटरहोमचे, दर्शन घडू लागले आहे. आम्ही चौघांनीही तसेच एक डिझेलवर चालणारे फिरते घर चालकासह भाड्याने घेतले. अलिबागला टाकी काठोकाठ भरली. नागाव, रेवदंडा, कोर्लई, काशीद करीत रात्री अकराच्या सुमारास नांदगावच्या वाडीत गाडी लावली. वाडी समुद्राकडे उतरती होती. उकाडा असह्य होता म्हणून रात्रभर वातानुकूलन चालू ठेवले. त्यासाठी लागणारी वीज देणारे छोटे जनित्र गाडीच्या मुख्य टाकीतूनच डिझेल घेते.

सकाळी चालकाचा फोन वाजला. पलीकडून मालक बोलत होते. गाडीत बसवलेल्या देखरेख-प्रणालीने त्यांच्या मोबाइलवर इशारा पाठवला होता : रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळेत, गाडी उभी असताना, टाकीतील डिझेल १५ लिटरने घटले. मालकांनी प्रश्न असा विचारलाच नाही. "पंधरा लिटर कुणाला विकलंस?" एवढेच त्यांनी विचारले आणि पगारातून पैसे वळते करण्याचे सांगून फोन ठेवला. साडेतेराशे रुपयांच्या आसपासची ती रक्कम होती.

चालक काही बोलला नाही. त्याने गाडी वाडीतून बाहेर काढून सपाट रस्त्यावर आणली. थोड्या वेळाने त्याने आपल्या मोबाइलवर त्याच प्रणालीची नोंद आम्हांला दाखवली. तीत सकाळी सातच्या सुमारास सुमारे ६ लिटर डिझेल 'भरले गेले' होते! जवळपास पंप नव्हता, डबा नव्हता, पावती नव्हती. गाडी उतारावरून सपाटीवर आली होती, इतकेच.

२

हा आकडा येतो कुठून, हे आधी समजून घ्यायला हवे.

डिझेल गाडीत इंधनाचे दोन निरनिराळे हिशोब चालतात. पहिला हिशोब टाकीतील पातळीचा. टाकीत तरंगता गोळा किंवा तत्सम संवेदक असतो. तो पातळी वर-खाली झाली की विद्युत्-रोध बदलतो. संवेदकाला लिटर ठाऊक नसतात. रोध इतका असेल तर लिटर इतके, असे एक कोष्टक प्रणालीत घातलेले असते आणि तीत पाहून लिटरचा आकडा दिला जातो. टाक्यांचे आकार क्वचितच सरळसोट चौकोनी असतात. गाडीच्या सांगाड्यात जिथे जागा मिळेल तिथे त्या वाकवून-दाबून बसवलेल्या असतात. त्यामुळे हे कोष्टक गाडी सपाट जमिनीवर उभी करून, ठरावीक मापाने डिझेल ओतीत, टप्प्याटप्प्याने तयार करावे लागते. गाडी उतारावर उभी राहिली की डिझेल टाकीच्या एका टोकाला सरकते. संवेदक दुसऱ्या टोकाला असेल तर त्याला पातळी खाली गेलेली दिसते. कोष्टक मात्र सपाट जमीन गृहीत धरूनच उत्तर देते.

दुसरा हिशोब इंजिनातल्या खर्चाचा. चालकासमोरच्या पडद्यावर 'लिटरला इतके किलोमीटर' असा जो आकडा झळकतो, तो बहुधा कोणी मोजलेला नसतो. इंजिनाचा नियंत्रक संगणक इंजेक्टरला किती क्षण उघडायचे आणि त्या वेळी दाब किती, हे ठरवीत असतो. उघडण्याचा काळ आणि दाब यांवरून किती डिझेल आत गेले असावे, याचे तो गणित करतो व त्यांची बेरीज करीत जातो. इंजेक्टर झिजला, त्याच्या तोंडाशी काजळी साचली, तरी गणित नव्या इंजेक्टरचेच चालू राहते. शिवाय डिझेल इंजिनात पंपाने ओढलेले सगळे डिझेल जळत नाही. उरलेले तापून पुन्हा टाकीत परतते. म्हणून नळीतला प्रवाह प्रत्यक्ष मोजायचा तर जाणारा आणि येणारा असे दोन्ही प्रवाह मोजावे लागतात व त्यांची वजाबाकी करावी लागते. डिझेल तापमानाने फुगतेही. अंशागणिक हजारी सुमारे ०.८ भाग, म्हणजे ५० लिटर डिझेल १५ अंशांनी तापले तर ०.६ लिटर 'वाढते'.

फिरत्या घराच्या बाबतीत या दोन्ही हिशोबांची अडचण दुणावते. साधी गाडी धावण्यासाठी असते. फिरते घर धावण्याइतकेच उभे राहण्यासाठी असते. ते उभे असताना जनित्र डिझेल खाते आणि तो खर्च इंजिनाच्या संगणकाला दिसतच नाही, कारण ते डिझेल त्याच्या इंजेक्टरांतून गेलेले नसते. टाकीच्या संवेदकाला तो दिसतो, पण कारण कळत नाही. एका हिशोबात तो खर्च नाहीच आणि दुसऱ्यात तो चोरी ठरतो. त्या रात्री उताराची भर पडली आणि चोरी दुप्पट झाली.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. मराठीत माप हा शब्द आहे, तसे अंदाज आणि अदमास हेही शब्द आहेत. मापाला मापणारी वस्तू लागते : शेर, पायली, गज, लिटर. अंदाजाला मागचा अनुभव लागतो. पडद्यावरचा आकडा प्रत्यक्षात अदमास असतो, पण दशांशचिन्हाचा पोशाख घालून मापाच्या पंक्तीला बसतो. अदमास असणे हा त्याचा दोष नव्हे. आपण अदमास आहोत हे तो सांगत नाही, हा त्याचा दोष आहे.

३

ज्या गावात हा प्रकार घडला, त्या नांदगावात पंधराव्या-सोळाव्या शतकांत केशव आणि गणेश हे पितापुत्र दैवज्ञ होऊन गेले. गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव' हा करणग्रंथ शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, हे आरंभवर्ष धरून रचलेला आहे. करणग्रंथ म्हणजे पंचांग करणाऱ्याला हाताशी धरून गणित करता यावे असा सुटसुटीत ग्रंथ. ग्रहलाघवाने ज्या-कोज्यांचे किचकट गणित टाळले. आकडे लहान राहावेत म्हणून सुमारे अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र योजले. तिथी काढण्यासाठी गणेश दैवज्ञांनी 'तिथिचिंतामणी' ही कोष्टकेही करून दिली. या सोयीमुळे महाराष्ट्रात आणि बाहेरही कित्येक पिढ्या पंचांगे याच ग्रंथांवरून होत राहिली.

सोय आणि अचूकपणा यांचा हा सौदा होता आणि करणारा तो डोळसपणे करीत होता. त्याची पूर्वपीठिका वडिलांच्या कामात आहे. केशव दैवज्ञांनी 'ग्रहकौतुक' लिहिले आणि त्यावर स्वतःच टीका लिहिली. निरनिराळ्या सिद्धांतांनी येणारी ग्रहस्थाने आपण प्रत्यक्ष वेध घेऊन पाहिलेल्या स्थानांशी कुठे जुळतात व कुठे अंतर पडते, याची नोंद त्यांनी तीत केली. आणि पुढे पुन्हा अंतर पडू लागेल, तेव्हा त्या काळच्या गणकांनी वेध घेऊन नवे ग्रंथ करावेत, अशी सूचनाही केली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात केशवांच्या या वेधपरतेची मोठी कदर केली आहे. आपले गणित कधीतरी चुकू लागणार हे मान्य करून ते दुरुस्त करण्याची जबाबदारी पुढच्यांवर सोपवणारा हा ग्रंथकार आहे.

या दुरुस्तीलाही आपल्या परंपरेत शब्द आहे : बीजसंस्कार. मूळ गणिताचा सांगाडा तसाच ठेवून, वेधांवरून त्यातील अंकांना दिलेली दुरुस्ती म्हणजे बीजसंस्कार. आजचा तंत्रज्ञ ज्याला कॅलिब्रेशन म्हणतो, ते याहून फारसे वेगळे नाही. सपाट जमिनीवर मापाने डिझेल ओतून टाकीचे कोष्टक पुन्हा लावणे, हा टाकीचा बीजसंस्कारच होय.

पण परंपरेने ग्रंथ घेतला आणि सूचना वगळली. तीन-साडेतीन शतके गणित चालू राहिले आणि वेध थांबले. दरवर्षीची बारीक चूक साचत गेली. इंजेक्टरच्या गणितातही हेच होते. प्रत्येक क्षणाची चूक क्षुल्लक असते, पण बेरीज करणारे यंत्र चुकांचीही बेरीज करते आणि बाहेरून कोणी थांबवीपर्यंत ती करीतच राहते.

४

बाहेरून थांबवणारा माणूस याच रस्त्यावर, नांदगावच्या उत्तरेला, नागावात जन्माला आला. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोकरीस होते. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापलेली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होऊ लागली. बाळशास्त्री जांभेकरांचाही या वेधशाळेशी संबंध आला होता. मराठी गद्याच्या पहिल्या पिढीतील ही माणसे उपकरणांच्या सहवासात वावरली होती, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात जितकी ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही.

केरूनानांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि पुढे १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साह्याने वेधाशी जुळणारे पंचांग काढले. तेच पटवर्धनी पंचांग. नवी कोष्टके युरोपीय ग्रंथांच्या आधारे, पण मराठीत व आपल्या गणकांना वापरता येतील अशा रीतीने मांडलेली होती. त्यांना विरोध झाला. त्या विरोधात निव्वळ अज्ञान होते असे म्हणून सुटता येणार नाही. जुन्या आकड्यांवर विवाहांचे मुहूर्त, व्रतांचे दिवस, भिक्षुकांची प्राप्ती असा सगळा व्यवहार उभा होता. आकडा चुकला आहे हे मान्य केले की त्यावर आजवर घेतलेले निर्णय काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. चुकीच्या आकड्याला चिकटून राहण्यात माणसांचे हितसंबंध असू शकतात, हे पंचांगवादाने आपल्याला शिकवले आहे. टिळकांच्या पुढाकाराने १९०४ साली मुंबईत पंचांगशोधनासाठी परिषद भरली, तेव्हा केरूनानांना जाऊन वीस वर्षे झाली होती.

योगायोग असा, की त्याच १९०४ साली अलिबागेत चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिच्या स्थापनेची हकिकत आमच्या विषयाला फार जवळची आहे. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या होत्या. त्या विजेवर चालवायचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परतताना जमिनीत झिरपतो, त्याचे स्वतःचे चुंबकक्षेत्र तयार होते आणि कुलाब्याची नाजूक उपकरणे पृथ्वीऐवजी ट्रामच मोजू लागली असती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी जागा शोधली ती अलिबागची : मुंबईला जवळ, तरी विजेच्या वर्दळीपासून दूर. इमारतीत लोखंड वर्ज्य केले आणि धातूची गरज तांब्या-पितळेने भागवली.

मूस यांनी जुनी वेधशाळा बंद करून नवी उघडली, असे केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग येथील उपकरणे जोडीने चालू ठेवली. एकाच क्षणी दोन्हीकडे काय दिसते हे ताडून पाहिले, दोहोंतील कायमचे अंतर ठरवले आणि मगच कुलाब्याच्या नोंदी थांबवल्या. विजेची पहिली ट्राम मुंबईत ७ मे १९०७ रोजी धावली. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे दोन खंडांत प्रसिद्ध केली. कुलाबा-अलिबाग ही आज जगातील दीर्घ नोंदमालिकांपैकी एक मानली जाते. तिचे मोल उपकरणांच्या किमतीत नाही. उपकरण बदलताना सांधा उघडा पडू दिला नाही, त्यात आहे.

५

डिझेलचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. रूडॉल्फ डिझेलने आपल्या इंजिनाची कल्पना मांडली, तेव्हा कागदावरची कार्यक्षमता प्रत्यक्षात कधीही न आलेल्या उंचीची होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे प्रा. मोरित्स श्र्योटर यांनी त्या इंजिनाची चाचणी घेतली. चाचणी घेणारा शोधक नव्हता, बाहेरचा माणूस होता. कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. कागदाच्या मानाने हा आकडा फारच लहान, पण त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत दिपवून टाकणारा होता. बाहेरच्या माणसाने मोजल्यामुळे जगाने तो मानला.

नेमके उलटे उदाहरण २०१५ सालचे. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांतील सॉफ्टवेअर आपली प्रदूषण-चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते इंजिन शहाण्यासारखे वागवीत होते आणि रस्त्यावर आल्यावर मोकळे सोडीत होते. हे उघडकीस येण्याचा माग वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटापर्यंत जातो. त्या गटात भारतातून गेलेले तरुण संशोधकही होते. त्यांनी मोजयंत्रे गाडीच्या पाठीमागे बांधली आणि गाडी रस्त्यावर नेली. गाडी स्वतःबद्दल काय सांगते, यावर ते विसंबले नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये भारतातही त्या कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले.

येथे चूक आणि लबाडी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. आमच्या फिरत्या घरातील प्रणाली लबाड नव्हती. उतार तिला शिकवलेलाच नव्हता. पण ज्याच्याकडे पडताळ्याचे साधन नाही, त्याला चुकीचा आणि लबाडीचा दंड सारखाच बसतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२१ पासून नव्या मोटारींत इंधनखर्चाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची केली आणि तिच्या अचूकपणाला अधिक-उणे ५ टक्क्यांची मर्यादा घातली. या नियमात आम्हांला महत्त्वाची वाटते ती त्यातली कबुली : आकड्याबरोबर त्याची संभाव्य चूकही सांगितली आहे. ७० लिटरच्या टाकीत ५ टक्के म्हणजे साडेतीन लिटर, म्हणजे जड गाडीच्या हिशोबाने तीसएक किलोमीटर. इतक्या अंतरात काशीदहून आगरदांड्याला पोहोचता येते.

६

आगरदांड्याला आम्ही दिघीच्या फेरीबोटीसाठी थांबलो, तेव्हा धक्क्यावर एका मासेमारी नौकेच्या इंजिन-ड्रायव्हरशी गाठ पडली. आमच्या चालकाने आपले दुःख त्याला सांगितले. त्याने फार वेळ ऐकूनही घेतले नाही. म्हणाला, "बोट हलत असली की काठी घालायचीच नाही. पाणी निवांत असंल तेव्हा, एकाच जागी, दोन बारी."

या एका वाक्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. मराठी मुलखाला डिझेल इंजिनाची ओळख तशी जुनी. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३०च्या दशकातच देशी बनावटीचे डिझेल इंजिन तयार झाले आणि त्या कारखान्याचे मालक धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. किनाऱ्यावर हे इंजिन पोहोचले ते स्वातंत्र्यानंतर. मच्छीमारांच्या सहकारी संस्था आणि सरकारी कर्जे यांच्या आधाराने शिडाच्या होड्यांत डिझेल इंजिने बसू लागली. मोरा, करंजा, रेवस, थळ, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धनचे जीवना बंदर, सगळीकडे हळूहळू शीड उतरले.

वाऱ्याला भाव नव्हता, डिझेलला होता. इंजिनाबरोबर नौकेवर जमाखर्चाची वही आली. कोळी नौकांवर अनेक ठिकाणी डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्या उत्पन्नाचे वाटे होतात. म्हणजे टाकीत किती डिझेल होते आणि किती उरले, हा प्रश्न मालकापुरता किंवा तांडेलापुरता राहत नाही. तो प्रत्येक खलाशाच्या वाट्याला भिडतो. नौकेवर माप सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घेतले जाते, यात आम्हांला विशेष अर्थ दिसतो. काठी टाकीत जाते, ओली होऊन बाहेर येते, खूण सगळ्यांना दिसते. काठी ओबडधोबड असेल, तिच्यावर दशांशचिन्ह नसेल, पण तिला साक्षीदार असतात. पुढे करमाफीच्या डिझेलचा परतावा सहकारी संस्थांमार्फत मिळू लागला. त्याच्या कोट्याच्या हिशोबात इंजिनाची ताकद आली आणि दफ्तरातला आकडा व समुद्रावरचा खर्च यांचा झगडाही सुरू झाला. पण तिथे निदान संस्था आहे, तक्रार करायला सभा आहे.

फिरत्या घराच्या चालकाजवळ यांपैकी काहीच नव्हते. त्याच्या गाडीचा आकडा त्याच्या डोक्यावरून थेट मालकाच्या मोबाइलवर जात होता. पंपावरच्या मापाला वैधमापन यंत्रणेची मोहर असते आणि गिऱ्हाइकाला शंका आली तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासून मागता येते. माणसाच्या पगारातून पैसे कापणाऱ्या या मापाला तशी कोणतीही मोहर आम्हांला दिसली नाही.

काठीचे उदात्तीकरण करण्याचा आमचा हेतू नाही, हेही सांगायला हवे. काठी धरणारा हात पक्षपाती असू शकतो, अनुभवी कानालाही इंजिनाचा बिघाड उशिरा कळतो, आणि डिझेलची चोरी ही काही कवीकल्पना नाही. गाडीमालकाची भीती साधार असते. वंगणाचा दाब, इंजिनाचे तापमान यांची सतत नजर ठेवणाऱ्या प्रणालींनी कित्येक इंजिने आणि माणसे वाचवली असतील. आमचा आक्षेप मोजण्याला नाही. एकदा कोष्टक लावून दिल्यावर पुन्हा वेध न घेण्याला आहे.

७

श्रीवर्धनच्या पंपावर चालकाने वेध घेतला. गाडी सपाट जागी उभी केली, अलिबागला भरली होती तशीच टाकी काठोकाठ भरून घेतली आणि पावती मागितली. २०.८ लिटर. अलिबागपासून ११८ किलोमीटर झाले होते आणि जनित्र सात तास चालले होते.

हिशोब आम्ही तिथेच, त्याच्या वहीच्या मागच्या पानावर केला. टाकीतून एकूण गेले २०.८ लिटर. त्यांतले १५ लिटर रात्री कोणी काढून नेले असते, तर उरलेल्या ५.८ लिटरमध्ये ही जड गाडी ११८ किलोमीटर धावली आणि शिवाय सात तास वीज केली, असे म्हणावे लागेल. म्हणजे लिटरला वीस किलोमीटरहून अधिक, आणि जनित्र फुकट! उलट, लिटरला साधारण दहा किलोमीटर धरले तर बारा लिटर रस्त्यावर गेले आणि पावणेनऊच्या आसपास जनित्राने घेतले. तासाला सव्वा लिटर, तेवढे ते खातेच. पंधरातले उरलेले सहा लिटर कुठेच गेलेले नव्हते. ते रात्रभर टाकीच्या दुसऱ्या टोकाला होते आणि सकाळी सपाटीवर आल्यावर परतले. प्रणालीने त्यांचीच नोंद 'भरले' म्हणून केली होती. तोंडाशी भरण्यात एखाद-दुसऱ्या लिटरचा फरक पडू शकतो, हे मान्य करूनही निष्कर्ष बदलत नाही.

पावतीचे छायाचित्र आणि हा हिशोब मालकांना पाठवला. त्यांनी तो वाचला, दोन प्रश्न विचारले आणि त्या रात्रीची कपात रद्द केली. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या मोबाइलवर इशारा आला होता आणि त्यांच्या दृष्टीने इशारा म्हणजे पुरावा होता. पंचांगात अमावास्या लिहिली असेल तर आकाशाकडे कोण बघतो?

मात्र त्याआधी याच वर्षी दोनदा झालेली कपात कायम राहिली. त्या रात्री जनित्र किती तास चालले, गाडी कुठल्या उतारावर होती, दुसऱ्या दिवशी टाकी कुठे भरली, याची नोंद चालकाकडे नव्हती. कदाचित तेव्हा खरोखरच डिझेल गेले असेल, कदाचित नसेल. आता ते कोणालाही सांगता येणार नाही. वेध त्या वेळी घ्यावा लागतो, मागाहून घेता येत नाही.

परत निघताना चालकाने वहीत नवे पान उघडून रेघा मारलेल्या आम्ही पाहिल्या. तारीख, किलोमीटर, लिटर, जनित्राचे तास हे रकाने आधीपासूनच होते. आता त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना होता. त्याच्या माथ्यावर त्याने लिहिले होते : जागा, सपाट की उतार.